तडीपारीपूर्वी अकरा फेऱ्यांची मुदत मिळणेबाबत

प्रति,
मा. उपविभागीय दंडाधिकारी (प्रांत) साहेब,
बारामती उपविभाग, बारामती,
जि. पुणे.

अर्जदार : बिरदेव भिमा कोकरे, वय ४३ वर्षे, धंदा हमाली व थोडी शेती,
रा. डाळज, ता. इंदापूर, जि. पुणे.

विषय : मला पुणे जिल्ह्यातून दोन वर्षांकरिता तडीपार का करू नये या नोटिशीचा खुलासा, तडीपार करण्याचे ठरल्यास कॅन्सरच्या एका पेशंटच्या अकरा फेऱ्या पूर्ण होईपर्यंत मुदत मिळणेबाबत.

संदर्भ : आपल्या कार्यालयाची नोटीस, मला दि. ३ फेब्रुवारी १९९७ रोजी पोलीस पाटलांसमक्ष मिळाली.

महोदय,

वरील विषयास अनुसरून सविनय सादर करतो की, नोटिशीत माझ्याविरुद्ध मारहाणीचे तीन गुन्हे लिहिले आहेत. ते तिन्ही मी केलेले आहेत. बारामतीस कचेरीबाहेर अर्ज लिहून देणारे बसतात, त्यांच्याकडे गेलो असता "असे काही घडलेच नाही, वैमनस्यातून गोवले आहे" असे लिहावे लागेल असे त्यांनी सांगितले. म्हणून हा अर्ज मी स्वतः लिहीत आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंत झाले आहे. लिहिण्यात चूक झाल्यास माफी असावी.

१. पहिला गुन्हा, सप्टेंबर १९९४. माझी पत्नी सारजा हिच्या छातीत गाठ झाली होती. तिने ती वर्षभर कोणास दाखवली नाही. दुखू लागल्यावर मला सांगितले. मी तिला दवाखान्यात न नेता, गाठी जाळून देणाऱ्या एका इसमाकडे नेले. त्याचे नाव नोटिशीत आहे. त्याने विळा चुलीत लाल होईपर्यंत तापवला व गाठीवर तीन डाग दिले. त्या वेळी सारजा सुटण्याची धडपड करत होती. तिचे दोन्ही हात मी धरून ठेवले होते. ती ओरडत होती, "सोडा मला, धनी, जळतंय वं." मी म्हणालो, "सोस, बरी व्हशील." मांस जळाल्याचा वास त्या झोपडीत होता व तो माझ्या सदऱ्यालाही लागला.

दोन महिन्यांनी जखम फुटली. तेव्हा पुण्यास नेले. डॉक्टरांनी डाग पाहून विचारले, "हे कुणी केलं?" सारजा माझ्याकडे पाहत राहिली व म्हणाली, "म्या भाजून घेतलं." डॉक्टर म्हणाले की उशीर झाला. ती श्रावणात वारली.

तेरावे झाल्यावर मी कुदळीचा दांडा काढून घेतला व सदर इसमाच्या घरी जाऊन त्याचे दोन्ही हात मोडले. उजवा कोपरात व डावा मनगटात. त्याची बायको मधे आली, तिला मी ढकलले, ती उंबऱ्यावर पडली. तो पाया पडत होता तरी मी थांबलो नाही. साहेब, विळा धरणारे हात त्याचे होते, पण सारजाला धरणारे हात माझे होते, हे मला मारतानाही ठाऊक होते. माझ्या वाट्याचेही त्यालाच भोगावे लागले. चार महिने तुरुंगात होतो. ते योग्यच होते.

२. सुटून आल्यावर माझ्याशी कोणी बोलत नसे. पोरे मला पाहून रस्ता बदलत. अशा वेळी आमच्या गावचे सिद्धू आबा माझ्या दारात आले. वय अडुसष्ट, जन्मभर मेंढरे वळलेली. गालाला आतून कॅन्सर झालेला, बाहेरून पडलेल्या भोकावर धडपा धरलेला. म्हणाले, "बिरदेवा, तुला पुन्याचा दवाखाना ठावं हाय. मला ने."

मी म्हणालो, "आबा, म्या जेलातनं आलोय."

ते म्हणाले, "मग काय झालं? मला खिडकी कुठली त्ये म्हाईत पायजे. तुजी चालचलनूक न्हाय इचारली म्या."

त्या सुमारास तालुक्यात कॅन्सरग्रस्तांसाठी निधी गोळा होऊन मुंबईच्या एका मोठ्या संस्थेस पाठवण्यात आला होता. स्टेजवर हार झाले, आबांनाही खुर्चीत बसवून फोटो काढला. संस्था चांगले काम करत असेल, माझी तक्रार नाही. परंतु दुसऱ्या दिवशी आबा रस्त्याच्या कडेला एस.टी.ची वाट पाहत एकटेच उभे होते व उभे राहवेना म्हणून मैलाच्या दगडावर बसले. हे मी डोळ्यांनी पाहिले.

साहेब, पुण्याच्या दवाखान्यात विजेचे शेक देतात. शेक एक-दोन मिनिटांचा असतो, परंतु तो सहा-सात आठवडे, रविवार-शनिवार सोडून, रोज घ्यावा लागतो. आजारी माणसाला केसपेपरची खिडकी, रक्ताची खिडकी, मशीनची खोली या तिन्ही ठिकाणी तीन रांगा असतात. ज्याच्याबरोबर माणूस नाही तो रांगेत चक्कर येऊन पडतो व त्याचा नंबर जातो. असे दोन-तीनदा झाले की तो पुन्हा येत नाही. गावात सांगतात, औषध लागू पडले नाही.

आमच्या गावचे बादशाहभाई यांची जीप भिगवण चौकातून रोज पहाटे हडपसरला सीटे घेऊन जाते. मी त्यांना विचारले. ते म्हणाले, "गाडी तशी बी जातीच की. फुडच्या दोन शिटा तुज्या पेशंटाच्या. फकस्त मला घरी इचारू दे." त्यांच्या पत्नी जरिनाभाभी शिवणकाम करतात. त्यांनी मऊ जुन्या लुगड्यांचे रुमाल उकळून दिले, तोंडाखाली धरायला. ज्या बायांचे स्तन काढले त्यांच्यासाठी पुढून बटणे व आत कापसाची गादी असलेली पोलकी त्या शिवतात. जोंधळ्याची आंबील दोनदा गाळून बाटलीत भरून देतात, कारण शेकाने तोंड सोलते व दुसरे काही गिळत नाही. मी उचलतो, रांग धरतो, थुंकीचे भांडे धुतो, पट्ट्या बदलतो. आमचे काम एवढेच आहे. याला नाव, पावतीपुस्तक, काही नाही.

३. दुसरा गुन्हा, मार्च १९९५. आबांचा सतरावा शेक होता. चौकात जीपमध्ये बसलेल्या एका उतारूने, "वास मारतोय, हे मढं खाली उतरवा," असे म्हटले. बादशाहभाई शांतपणे म्हणाले की आपण मागच्या गाडीने यावे. त्यावर त्याने आबांचा गळपट्टा धरून त्यांना खाली ओढले. आबा तोंडावर पडले. गालाची जखम उघडली व रस्त्यावर रक्त सांडले.

मी त्याचे डोके धरून जीपच्या बॉनेटवर आपटले. किती वेळा ते नोटिशीत चार लिहिले आहे, मला वाटते जास्त असतील. त्याचे पुढचे दात पडले. त्याचे दोन साथीदार लोखंडी पहार घेऊन आले. माझ्या गळ्याचे हाड मोडले, ते अजून वर आलेले दिसते. त्यांनी जीपची समोरची काच फोडली, बादशाहभाईंच्या कपाळात काच घुसली. मी पहार हिसकावून घेतली व एकाच्या गुडघ्यावर मारली. दुसऱ्याच्या डोक्यावर उगारली होती. ती बसली असती तर आज आपणास तडीपारीची नोटीस काढण्याचे कारण उरले नसते.

तेवढ्यात रस्त्यावर बसलेले आबा, तोंडावर रुमाल धरून, बोलले. त्यांना बोलता येत नसे, तरी सगळ्यांना ऐकू गेले. "बिरदेवा, माजा नंबर जाईल. मारामारी उद्या कर."

मी पहार टाकली. आम्ही काच नसलेल्या जीपमधून पुण्याला गेलो. वाऱ्याने डोळ्यांत पाणी येत होते, तिघांच्याही. आबांचा शेक झाला. मग आबांनी माझ्यासाठी केसपेपर काढला. त्या दिवशी रांगेत ते उभे होते व बाकावर मी बसलो होतो.

सिद्धू आबांचे सर्व शेक पूर्ण झाले. पुढे ते तेरा महिने जगले. दुधात कुस्करलेली भाकर खात असत. स्वतःच्या घरात, स्वतःच्या घोंगडीवर वारले.

४. आता जे लिहितो ते नोटिशीत नाही. नोटिशीत नाही म्हणून ते घडले नाही असे होत नाही, सबब स्वतःहून कळवीत आहे.

एप्रिल १९९६ मध्ये आमच्याच गावच्या बानूबाई, वय अंदाजे पन्नास, विधवा, यांना गर्भाशयाचा कॅन्सर निघाला. मी त्यांना रोज नेत होतो. चौदा शेक झाल्यावर एके सकाळी त्या उठल्या नाहीत. म्हणाल्या, "मी न्हाय येनार आता. बास झालं."

मी म्हणालो, "निम्मं झालंय, काकी. आता सोडायचं न्हाय."

त्या म्हणाल्या, "आतनं समदं सोललंय. मला जमत न्हाय."

मी त्यांना अंथरुणासकट उचलले. त्यांनी माझ्या हाताला कडकडून चावा घेतला. मी त्यांच्या तोंडात मारली. जोराने मारली. त्यांचा ओठ फुटला. मग त्या गप्प झाल्या व मी त्यांना जीपमध्ये घातले. जरिनाभाभी दारात उभ्या होत्या. त्यांनी हे पाहिले. त्यानंतर महिनाभर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत.

दवाखान्यात मशीनच्या टेबलावर बानूबाई निजेनात. सिस्टरने विचारले, "काय झालं, मावशी?" त्या म्हणाल्या, "ह्यानं मला मारून आनलं." सिस्टरने माझ्याकडे पाहिले आणि "तुम्ही बाहेर थांबा" एवढेच म्हणाली. मी बाहेर थांबलो. भिंतीला पाठ लावून उभा होतो. त्या दिवशी शेक दिला गेला नाही.

परत येताना यवत आले. मग बानूबाई म्हणाल्या, "बिरदेवा, तू मला न्हाय न्हेत. तू सारजाला न्हेतोयस. ती गेली. दुखतंय त्ये मला दुखतंय."



दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या दारात गेलो व विचारले की मी काय करू. पहिल्यांदाच विचारले. त्यांनी तीन दिवस मला आत घेतले नाही. चौथ्या दिवशी म्हणाल्या, पाय दाबून दे. नंतर म्हणाल्या की धरणाचे पाणी उतरले असेल तर जुने गाव बघायचे आहे. उजनीत बुडालेले आमचे जुने डाळज मे महिन्यात थोडेफार उघडे पडते. मी त्यांना पाठीवर घेऊन चिखलातून दीड मैल गेलो. त्यांच्या घराचे जोते सापडले. त्यावर त्या दोन तास बसल्या. चूल कुठे होती, म्हैस कुठे बांधत, हे मला दाखवले. एवढे बोलताना मी त्यांना कधी पाहिले नव्हते. पुढे त्या जून महिन्यात वारल्या. शेक पुरे केले असते तर वाचल्या असत्या की नाही हे मला कोणी सांगितले नाही व मी विचारलेही नाही.

बानूबाईंनी फिर्याद दिली नाही. तरी हा चौथा गुन्हा नोटिशीत घालावा अशी विनंती आहे. बाकीच्या तिघांनी मला परत मारले तरी किंवा मारू शकत होते. बानूबाईंना ते शक्य नव्हते.

५. तिसरा गुन्हा, नोव्हेंबर १९९६. निरवांगी येथील आक्काबाई, वय एकसष्ट, यांना घशाचा कॅन्सर झाल्याचे व त्यांचा मुलगा शंभू याने त्यांना गोठ्याशेजारच्या खोलीत कोंडून ठेवल्याचे समजले. तो रोग इतरांना लागतो असा त्याचा समज होता. त्याला लहान मुले आहेत. ताट वेगळे, पाणी खिडकीतून.

मी गेलो. त्याला सांगितले की हा रोग एकमेकांना लागत नाही, मी दोन वर्षे त्यांच्या थुंकीत हात घालतो आहे. तो म्हणाला, "तू कोन सांगनार? तू मानसं मोडतोस." हे खरे होते. मी कुऱ्हाडीने दाराची कडी तोडली. त्याने मागून माझ्या पाठीत कोयता मारला. नऊ टाके पडले. मी वळून त्याच्या पोटात लाथ घातली, त्याला फरफटत नेऊन पाटाच्या पाण्यात फेकले व तो वर येऊ लागला तेव्हा डोके धरून पुन्हा दाबले. त्याची बायको दगड मारत होती. एक दगड कानाला लागला म्हणून मी भानावर आलो व त्याला सोडले. ती दगड मारत नसती तर काय झाले असते ते मी खात्रीने सांगू शकत नाही.

मग मी खोलीत गेलो. आक्काबाई कोपऱ्यात बसल्या होत्या. माझ्या अंगावरून रक्त गळत होते, त्या भ्याल्या होत्या. मी दारातच खाली बसलो व विचारले, "पुन्याला येता का? येनार नसला तर जातो."

त्या म्हणाल्या, "आदी माज्या पोराला बग, जित्ता हाय का."

तो जिवंत होता. पाटाच्या कडेला पाणी ओकत होता. हे सांगितल्यावर म्हणाल्या, "मग येते."

६. शेकाआधी आक्काबाईंचे खराब दात काढावे लागले, हिरड्या भरून येण्यास वेळ गेला. ९ जानेवारी १९९७ पासून शेक सुरू झाले. एकूण तेहतीस द्यावयाचे असून आज शुक्रवारी बावीस झाले. अकरा राहिले. निरवांगीहून रोज येणे शक्य नसल्याने सोमवार ते शुक्रवार त्या जरिनाभाभींच्या घरी राहतात. त्यांचे वजन आता चौतीस किलो आहे. घसा आतून सोलला आहे, परंतु परवा त्या भाभींना म्हणाल्या की तुमच्या आंबिलीत मीठ कमी असते. डॉक्टर म्हणाले, गाठ निम्म्याहून लहान झाली आहे, आता मधे खंड पडू देऊ नका.

७. आपल्यासमोर सुनावणी मंगळवार दि. ११ फेब्रुवारी रोजी सकाळी अकरा वाजता ठेवली आहे. त्या वेळी मी मशीनच्या रांगेत असेन. हजर न राहिल्यास एकतर्फी निर्णय होईल असे नोटिशीत आहे. तसा झाला तरी माझी हरकत नाही, परंतु तो अमलात आणण्याची तारीख २४ फेब्रुवारीच्या पुढची असावी. मशीन बंद पडल्यास तितके दिवस वाढवून मिळावेत.

मुदत देणे नियमात बसत नसेल तर मला बेड्या घालून पुण्यास जाण्या-येण्याची परवानगी द्यावी व सोबत एक पोलीस शिपाई द्यावा. शिपाई सशक्त असावा. आक्काबाईंना जीपमधून उतरवताना एका बाजूने धरण्यास त्याचा उपयोग होईल. दोन बाजूंनी धरले तर त्यांना कमी दुखते.

पुढे पुन्हा मारहाण करणार नाही असे हमीपत्र दिल्यास नोटीस मागे घेण्याचा विचार होईल, असे मला ठाण्यातून सुचवण्यात आले. मी तीन दिवस कागद समोर घेऊन बसलो. ते हमीपत्र मी देऊ शकलो नाही. आजारी माणसाला कोणी रस्त्यावर ओढले तर मी काय करीन हे मला ठाऊक आहे व खोटे लिहून आपल्या सहीने पक्के करून घेण्याची इच्छा नाही. माझ्यासारखा माणूस गावात असण्याची लोकांना भीती वाटते, ती रास्त आहे. मलाही वाटते.

८. शेवटचे व महत्त्वाचे. मी दोन वर्षे नसताना हे काम कोण करणार, हा प्रश्न होता. बादशाहभाईंना गाडी सोडून रांगेत उभे राहता येत नाही. सध्या नवीन दोन पेशंट मार्चमध्ये सुरू व्हायचे आहेत.

आज संध्याकाळी आक्काबाईंना घरी नेण्यासाठी त्यांचा मुलगा शंभू, म्हणजे तिसऱ्या गुन्ह्यातील फिर्यादी, मोटारसायकलवर आला. तो बारामती एमआयडीसीत कामाला आहे. तो माझ्याकडे पाहत नाही व मी त्याच्या जवळ जात नाही, असे दोन महिने चालले होते. आज त्याने गाडी स्टँडवर लावली, माझ्यासमोर आला व म्हणाला, "तुमी जानार म्हनं. मग आईला कोन न्हेनार?"

मी म्हणालो, "तू ने."

तो म्हणाला, "मला कायबी म्हाईत न्हाय तितलं."

मी म्हणालो, "शिकवतो. पन माज्याशेजारी बसशील का?"

त्याने आईची पिशवी हँडलला अडकवली. मग म्हणाला, "बसंन. आन् आईचं झालं की मार्चातली दोगं हायत म्हनं, ती बी न्हेईन, माजी दुसरी पाळी असली की. न मारनं मला येतंय. बाकीचं तेवढं शिकवा."

त्याने सोमवारपासून रजा टाकली आहे. तीन खिडक्या, पट्टी कशी सोडवायची, ओकारी आली तर डोके कोणत्या बाजूस धरायचे, कोणत्या सिस्टरला काय विचारायचे, पेशंट नको म्हणाला तर थांबायचे व त्याला विचारायचे, एवढे शिकवण्यास मला अकरा दिवस पुरतील. त्यानंतर आपण ज्या जिल्ह्यात सांगाल तेथे मी स्वतःच्या पायांनी जाईन. पोच करण्यास माणूस पाठवण्याची गरज नाही.

तरी वरील सर्व बाबींचा विचार होऊन अकरा फेऱ्यांची मुदत मंजूर व्हावी. माफीची मागणी नाही.

लिहिले ते खरे आहे असे सांगणारा,

(सही)
बिरदेव भिमा कोकरे

स्थळ : डाळज, ता. इंदापूर
दिनांक : ७ फेब्रुवारी १९९७

सोबत :
१) नोटिशीची नक्कल.
२) आक्काबाईंच्या शेकाचे कार्ड, बावीस खुणा केलेले. (मूळ कार्ड रोज लागते, सबब नक्कल जोडली आहे.)
३) बादशाहभाई यांचा जबाब, एक पान.
४) फिर्यादी शंभू याची चिठ्ठी, त्याच्याच अक्षरात, जशी आहे तशी : "साहेब, यांनी मला पाण्यात दाबलं हे खरं हाय. मी फिर्याद मागं घेणार न्हाय. पण अकरा दिवस यांना सोडा. माज्या आईला ह्यांच्याच हातानं उतरायची सवय झालीय, माजी व्हायची हाय."